शपथेवर

मिशिगनमधल्या एका चर्चच्या शाळेत आल्डा एकवीस वर्षं पाचवीला गणित शिकवत होती. कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी तिनं रजा मागितली, तर शाळेनं तिला कायमचंच घरी बसवलं. ती कोर्टात गेली.

शाळा समितीचा अध्यक्ष गेरिट साक्षीला उभा राहिला. आजारी माणसाला असं काढता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण चर्चनं आपला धर्मगुरू ठेवावा की काढावा, यात कायदा पडत नाही, असं वकिलानं त्याला पढवलं होतं.

"रोज सकाळी वर्गाकडून प्रार्थना कोण म्हणून घ्यायचं?" वकिलानं विचारलं.

"आल्डा."

"म्हणजे चर्चच्या लेखी ती कोण?"

"धर्मगुरूच," गेरिट म्हणाला.

दावा फेटाळला गेला. बाहेर पायऱ्यांवर आल्डानं त्याला गाठलं. चार शिव्या खायची त्यानं मनाची तयारी ठेवली होती.

"एकच सांग, गेरिट," ती शांतपणे म्हणाली. "टेना जाताना तुला विनवत होती, माझ्या दफनाला आल्डालाच प्रार्थना म्हणू दे. बायकोची शेवटची इच्छा होती रे! आणि तू मला म्हणालास, बाईमाणसाला धर्मगुरूच्या जागी उभं राहता येत नाही. मग खोटं कधी बोललास? तेव्हा की आज?"

गेरिटला तिच्याकडे बघवेना. 'आज' म्हणावं तर शपथ मोडली होती, आणि 'तेव्हा' म्हणावं तर माफी मागायला टेना उरली नव्हती.