रांगोळीतला पुरावा

टीव्हीची छत्री फिरवायला शिडीवर चढलेले बबनराव धप्पकन अंगणात पडले. शकूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, तोवर चाकणची अर्धी आळी गोळा झाली होती.

“काकू, लांब राहा. ठसे पुसतील,” पुतण्या गोरक्ष म्हणाला. कंपनीतून आला की तो रोज खुनाची मालिका बघायचा. त्याच्या बायकोने, सोनलने, बबनरावांच्या भोवती रांगोळीची रेघ ओढायला घेतली होती.

“अरं, श्वास चालू हाय त्यांचा.”

“असू दे. शिडी कुणी ढकलली ते आधी कळायला पायजे. लॅबवाले येईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई.”

शकूबाईंना आठवलं, पूर्वी कुणी पडलं की चौघं उचलायला धावायची आणि एखादी म्हातारी कांदा फोडून नाकाशी धरायची. त्यांनी रांगोळी ओलांडली आणि तांब्या नवऱ्याच्या तोंडावर रिकामा केला.

बबनरावांनी डोळे उघडले. भोवतीची रांगोळी बघून ते पुटपुटले, “आज मला ओवाळताय व्हय?”

गोरक्षने गंभीरपणे मान हलवली.

“स्मरणशक्ती गेली. म्हणजे वार डोक्यातच केलाय.”