एकादशीचं कस्टर्ड

सासूबाईंची एकादशी म्हणून गरिमाने सकाळीच ओव्हन लावला. लखनौचीच मुलगी, इंदिरा नगरातल्या या मराठी घरात नुकतीच सून म्हणून आलेली. सफरचंद आणि नाशपातीच्या फोडी तिने तूप-साखर घालून खरपूस भाजल्या, वर गरम पिवळंधमक कस्टर्ड ओतलं आणि बाउल प्रतिमाताईंसमोर ठेवला.

"मम्मीजी, व्रत में फल और दूध तो चलता है ना? सारे बर्तन भी अलग लिए हैं।"

"हाँ बेटा, चलता है."

प्रतिमाताईंनी सावकाश सगळं संपवलं. बाउलच्या कडेला लागलेलंसुद्धा चमच्याने खरवडून खाल्लं. गरिमा खुशीत ऑफिसला गेली.

गरिमाचा नवरा धैर्यशील पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तो कस्टर्ड पावडरचा डबा हातात घेऊनच बाहेर आला.

"आई, अगं हे मक्याचं पीठ असतं! तुझी एकादशी मोडली की. तिला सांगायला हवं."

"काही सांगायचं नाही. डबा मी खाण्याआधीच पाहिला होता."

"मग खाल्लंस कशाला? बटाट्याच्या भाजीत चिमूटभर हळद पडली तरी ताटावरून उठतेस तू!"

प्रतिमाताई रिकामा बाउल उचलत म्हणाल्या, "एकादशी काय, पंधरा दिवसांनी पुन्हा येईल. तुझ्या आजीच्या, तुझ्या बाबांच्या, सगळ्यांच्या उपवासाचं आजवर मीच करत आले रे. माझ्या उपवासाचं आज पहिल्यांदाच कुणीतरी केलं."