पावणा विचारायला आलता

"तुमच्या पोरीबद्दल, मोहिनीबद्दल जरा विचारायचं होतं," एवढंच पाहुणा बोलला आणि आसारामनं त्याला पुढं तोंडच उघडू दिलं नाही. दंडाला धरून बाजेवर बसवला, चहा मागवला.

पाहुणा चहाला शिवला नाही. आसारामनं मनाची समजूत घातली. सोयरीक ठरल्याबिगर कोण कुणाच्या घरचा घोट घेतंय?

मध्यस्थ बिभीषणानं बजावून ठेवलं होतं, "गेवराईचं स्थळ सोन्यासारखं हाय. त्यांचा माणूस गुपचूप चौकशीला येईल, ओळख देणार न्हाई. अन् त्या घराला नोकरीवाली सून नको, ध्यानात ठेव."

अन् मोहिनीची तर सरकारच्या अंतराळ खात्यात निवड झालेली! निम्मी मेंढरं विकून आसारामनं पोर शिकवली होती. सिरसाळ्याच्या बाजारात दिसेल त्याला धरून सांगायचा, "माझी पोर रॉकेट बनवणार बे!" नेमणुकीची ऑर्डर तेवढी हातात यायची होती. पण असलं स्थळ काय रोज चालून येतं?

"मामा, कधीपासून राहता इथं?"

"आजा-पणजापासून."

"भावकीत भांडण? कोर्टकचेरी?"

"नाव काढू नका."

पाहुण्यानं मान हलवली. पोरगी रंगानं कशी, भाकरी थापती का, काहीच विचारेना. आसाराम बुचकळ्यात पडला. ही कसली तऱ्हा?

"पोरगी रॉकेटच्या खात्यात चालली म्हणं," पाहुणा म्हणाला. "एक सांगा मामा, एवढा पैसा आभाळात जाळून गरिबाला काय मिळतं? माझा पोरगा डिग्री घेऊन घरी बसलाय. त्या रॉकेटनं किती पोरांच्या हाताला काम दिलं?"

अगं आई! म्हणजे नवरदेवाचा बापच आलाय की! मोहिनीनं रॉकेटच्या फायद्याचं पढवलेलं सगळं आसारामच्या ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"लई खरं बोललात. नुसती उधळपट्टी."

"अगदीच तसं न्हाई बरं का," पाहुणा हसला. "वर उपग्रह हाय म्हणून वादळ आधी कळतं, माणसं वाचतेत. एका रॉकेटमागं कितीतरी कारखान्यांला काम मिळतं."

आता ह्याला हवंय तरी काय? हो म्हणावं का न्हाई म्हणावं? परीक्षा घेतोय बेटा, दुसरं काय!

"मिळत असंल," तो ठासून म्हणाला. "पण आमच्या पोरीला न्हाई जायचं तिकडं."

"आँ? ती म्हणली तसं?"

"ती परळीला गेलीय. मी बाप हाय तिचा."

दारातनं बायको रतनबाई डोळे वटारत होती. आसारामनं तिकडं बघितलंच नाही. त्यानं देवळीतला बिरोबाचा भंडारा चिमटीत धरला, कपाळाला लावला.

"बिरोबाची आण. माझी पोर त्या नोकरीचा उंबरा चढणार न्हाई."

रतनबाईनं तोंडाला पदर लावला. धनगरानं भंडारा उचलून घेतलेली आण जीव गेला तरी मागं फिरत नाही.

पाहुणा उठला. तपकिरी बूट पायात चढवत म्हणाला, "बरं मामा. तुमची मर्जी."

आसारामनं हात जोडले. "मग पावणं, बैठक कधी धरायची? नवरदेवाचं नाव तरी सांगा."

पाहुणा माघारी वळला.

"कोण नवरदेव, मामा? मी पोलीस ठाण्याचा हवालदार. सरकारी ऑर्डर निघायच्या आधी घरची माहिती घ्यायला आमालाच यावं लागतंय. मी तर सगळं चांगलंच लिहिणार होतो."