वरची ओळ

"आजोबा, वरून. वरून वाचा बघू," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत उंच खुर्चीवर बसून आजोबा तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा म्हणून दाखवत होते. गाडी चालवायचा परवाना हवा होता ना! पण डोळे तपासण्यात तिचे केस पिकायला आले होते. असले नमुने तिला रोजचेच.

"खालची ओळ सगळेच पाठ करून येतात. माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही."

"अहो बाई, पाठ करायलासुद्धा आधी दिसावी लागते!"

तिला हसू फुटलं. तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन थरथरला. आईचे चौकोन आले होते, पाच ओळी. खालची ओळ सगळी हिरवी. चला, आई बरी आहे. तिने फोन पुन्हा खिशात सरकवला.

हा मायलेकींचा रोजचा खेळ. फोनवर रोज पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा. सगळ्यांना शब्द तोच. अक्षर जागेवर बसलं तर चौकोन हिरवा, जागा चुकली तर पिवळा, अक्षरच नसेल तर राखाडी. खेळ संपला की आपले नुसते रंग दुसरीला पाठवायचे, अक्षरं नाहीत. आईला फोनवर ऐकू येईनासं झालं तेव्हापासून बोलणं थांबलं होतं आणि हे चौकोनच तेवढे उरले होते. ते आले की समजायचं, म्हातारी उठली, चहा झाला, डोकं ताळ्यावर आहे.

आणि आईचा पहिला शब्द ठरलेला. कितीही समजावा, ती 'हाउस'च टाकणार. "घरातून निघाल्याशिवाय कुठे पोचता येतं का गं?" असं वर विचारणार.

तिला एकदम आठवलं, आजचा शब्द 'माउस'! म्हणजे आईचे पहिल्याच फटक्यात चार चौकोन हिरवे. घरातून निघाली आणि उंबऱ्यातच उंदीर सापडला! आईला चिडवायला हवंच. तिने हसत हसत फोन पुन्हा काढला.

वरची ओळ राखाडी होती. पाचच्या पाच.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग मागचे निरोप काढले. कालचा शब्द 'ओशन'. 'हाउस'मधली ओ आणि ई ही दोन अक्षरं त्यातही होती, निदान दोन चौकोन तरी पिवळे हवे होते. कालचीही वरची ओळ राखाडी. परवाचीही चुकलेली. रविवारी मात्र सगळं जागच्या जागी होतं. रविवारपर्यंत आई घरातून निघत होती. त्यानंतर हिने आईची वरची ओळ पाहिलीच नव्हती. रोज खालची हिरवी बघायची, हुश्श करायचं आणि कामाला लागायचं.

शनिवारी दादाने घर बघायला गिऱ्हाईक आणलं होतं. आईने त्याला जिन्यावरूनच वाटेला लावलं. "मी आहे तोवर या घराला हात लावायचा नाही," असं दादाला ठणकावलं. ते सगळं दादानेच तिला हसत हसत सांगितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तो आईजवळ राहायला आला, तेव्हा हिला केवढं हायसं वाटलं होतं.

तिने दादाला फोन लावला.

"आई कशी आहे रे?"

"मस्त. तिला काय धाड भरलीय?" दादा म्हणाला. "चौकोन आले ना तुला सकाळी?"

"आले. तिला जरा बघायचंय. कॅमेरा लाव ना."

"आत्ता नको. गाढ झोपलीय. उठवलं तर कटकट करेल."

"फोन कुठाय तिचा?"

"तिच्या उशाशी. असतो तसाच. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस बघ." आणि त्याने फोन ठेवला.

क्षणभर तिला वाटलं, आपलंच चुकत असेल. म्हातारपणी माणसाला एखादा नवा शब्द सुचू नये का? दादा लहानपणी आपल्याला खांद्यावर घेऊन फिरायचा. देवा, माझंच चुकत असू दे. तिने आईच्या नंबरवर लिहिलं: "आई, आज पहिला शब्द कोणता टाकलास?"

उत्तर लगेच आलं. "नेहमीचाच."

तिने लिहिलं: "म्हणजे कोणता?"

स्क्रीनवर, आईच्या नावाखाली, 'टाइप करत आहे' असं उमटलं. मग गेलं. पुन्हा उमटलं. पुन्हा गेलं.

तिने खुंटीवरची पर्स ओढली. अंगात कोट तसाच होता.

"अहो बाई, निघालात कुठे?" आजोबांनी तक्त्याकडे बोट केलं. "वाचतो की वरची! एवढं मोठं अक्षर, ते काय आंधळ्यालाही दिसेल."