मागे काही नाही

"मुकादम!" टेम्पोवाल्याने चौथ्यांदा हाक मारली आणि तंबूची दोरी हातातून सोडून दिली. "मास्तर, तू शेवटी होतास ना? कुत्रा कुठाय?"

"माझ्या पुढेच होता," पीटीचे मास्तर म्हणाले.

हे साफ खोटं होतं. कुत्रा शेवटचा कधी दिसला, हे मास्तरांना आठवतच नव्हतं. पण शब्द तोंडातून निघून गेला होता, आणि तो परत गिळण्याची ताकद त्यांच्यात नव्हती.

टेम्पोवाला, कंपाउंडर आणि मास्तर एका बाकावरचे. वर्षातून एकदा दोन दिवस डोंगरात जायचं, तंबू ठोकायचा, कुत्रीही बरोबर न्यायची, हे ठरलेलं. कंपाउंडरचा कुत्रा भुंगा तरुण. तो वाटेभर पुढे पळायचा. मुकादम म्हातारा होता. टेम्पोवाला लोकांची घरं हलवायचा आणि मुकादमने उभा जन्म त्या सामानाच्या राखणीत काढला होता. शेवटची खुर्ची गाडीत चढेपर्यंत हा गडी जागचा हलायचा नाही. हाका मारा, बिस्किट दाखवा, ढिम्म. सामान ज्याचं त्याच्या ताब्यात गेलं की मगच पाण्याला तोंड लावायचा. म्हणून तर ते नाव.

मास्तरांचीही एक शिस्त होती. बावीस वर्षं शाळेच्या सहली नेऊन त्यांनी ती पोरांच्या अंगात मुरवली होती. शेवटच्याने थांबायचं, वळायचं, बसलेली जागा डोळ्यांखालून घालायची आणि ओरडायचं, "मागे काही नाही!" मगच पुढच्यांनी पाऊल उचलायचं. न बघता ओरडणाऱ्या पोराला मास्तर मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावत.

आज सकाळी टेम्पोवाला म्हणाला होता, "मास्तर, तू शेवटी राहा. तुझ्याइतका भरवशाचा माणूस नाही." खरं म्हणजे मास्तरांचा गुडघा गेला होता आणि पोट सुटलं होतं. मित्र फक्त झाकून घेत होता. ते मास्तरांना कळलं आणि दिवसभर डाचत राहिलं. दुपारी वरच्या सपाट खडकावर ते आडवेच झाले. बाकीचे उठले तेव्हा कसेबसे उठले. त्यांना श्वास पुरत नव्हता. मान वळवण्याचाही कंटाळा आला. खाली बघतच ते ओरडले, "मागे काही नाही!" आणि तंबूच्या जागेकडे उतरू लागले.

कुत्रा पुढे होता असं मास्तर म्हणाले, म्हणून टेम्पोवाल्याने खालची बाजू धुंडाळली. ओढा पाहिला. घळीत उतरला. काट्यांत शिरून हाका मारल्या. दोन तास गेले.

"वर बघायचं का रे?" कंपाउंडरने विचारलं.

"मास्तर म्हणतोय पुढे होता. मग वर कशाला?"

मास्तर स्टोव्हपाशी बसून चहा ढवळत होते. चहात साखर घालायची राहिली होती, तरी ढवळत होते. बोल, आत्ता बोल, असं ते स्वतःला बजावत होते. शेवटी कसंबसं बोलले ते असं: "वरही बघ एकदा. म्हणजे... वाट चुकून मागे फिरला असेल."

सगळा दोष कुत्र्यावर. टेम्पोवाल्याने मान हलवली आणि तो परत डोंगर चढू लागला. मास्तरांना स्वतःची किळस आली.

ऊन कलंडलं. गार वारा सुटला. मास्तरांनी स्वेटरसाठी पिशवी उपसली, तो मिळाला नाही. घरीच राहिला असेल, असं म्हणत ते कंपाउंडरचा टॉवेल पांघरून बसले. त्यांचे डोळे वाटेवर होते.

सूर्य बुडता बुडता टेम्पोवाला उतरताना दिसला. त्याच्यामागे मुकादम, एक पाय उचलून लंगडत. कंपाउंडरने न विचारता औषधाची पेटी उघडली, कारण टेम्पोवाल्याचे दोन्ही हात काट्यांनी ओरबाडून निघाले होते.

"कुठे सापडला?"

"वरच्या खडकावर. आपण बसलो होतो तिथेच." टेम्पोवाल्याने खांद्यावरून एक तपकिरी स्वेटर काढला. "ह्याला चिकटून बसला होता. मी ओढलं तरी उठेना. हा उचलला, तेव्हा उठला."

मास्तरांनी स्वेटर ओळखला. उशाला घेतला होता तो. बायकोने विणलेला. कंपाउंडरने एकदा स्वेटरकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि मग कापसाच्या बोळ्यात डोकं घातलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अरे, मी..." मास्तर पुटपुटले. "मी मागे बघितलंच..."

"ते राहू दे. आधी घाल तो." टेम्पोवाल्याने स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मुकादमपुढे पाण्याचं भांडं सरकवलं. "दुपारपासून थेंब नाही त्याच्या पोटात. वाटेत ओंजळीने पाजत होतो, तोंड फिरवलं."

मुकादम भांड्यापाशी बसला होता. जीभ बाहेर आली होती, पण नजर पाण्याकडे नव्हती. ती मास्तरांच्या मांडीवर होती.

मास्तरांनी टॉवेल बाजूला केला आणि सगळ्यांसमोर स्वेटर डोक्यातून घातला. हात बाह्यांतून बाहेर आले, डोकं मात्र आलं नाही. मुकादम लपालपा पाणी प्यायला लागला, ते त्यांनी आतूनच ऐकलं.