चादरीचं दुसरं टोक

राज्याचा मंत्री कोल्हापुरात येणार होता. समलिंगी जोडप्यांना भाड्याचं घर नाकारता येऊ नये, असा कायदा त्याच्याकडं मागायचा, असं ग्रुपवर ठरलेलं. तिथं सगळे वाघ. आलो मी एकटा. फलक म्हणून घरचीच चादर रंगवलेली, ती धरायला दोघं लागतात. एक टोक माझ्या हातात, दुसरं धुळीत. बंदोबस्ताला जोतीरामच होता, खाकीत. आम्ही एका खोलीत राहतो, ह्याच चादरीवर झोपतो. घरमालकाला सांगितलंय, दोस्त हाय. त्याच्या वरच्या साहेबानं त्याला माझ्याकडं पिटाळलं. त्यानं खालचं टोक उचललं, रोज सकाळी झटकतो तसं झटकलं. वाटलं, धरतोय. त्यानं ते माझ्या हातात कोंबलं आणि साहेबाला ऐकू जाईल असं म्हणाला, “पावणं, बाजूला व्हा की.” “व्हय, हवालदारसाहेब,” मी म्हणालो. ते टोक मी त्याच्याच बॅरिकेडला बांधलं. मंत्र्याची गाडी आली. जोतीरामनं सलाम ठोकला.