शालनचा डावा डोळा

शालन चौगुले गेल्याचं मिरजेत कळलं, त्याच दुपारी तिथल्या पेपरच्या संपादकांनी तिच्या निधनाच्या बातमीत छापायचा फोटो तिच्या नवऱ्याला, हणमंतरावांना, पाठवला. यंत्रानं बातमी वाचून तयार केलेला. आता पेपरातले सगळेच फोटो तसे होत. शालन ही पेपरची शेवटची फोटोग्राफर. नोकरी सुटल्यावर ती पंचनाम्याचे फोटो काढून घर चालवायची, कारण कोर्टाला अजून खरे फोटो लागत.

फोटोत शालननं कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला होता.

हणमंतरावांनी फोन केला. "साहेब, ती डाव्या डोळ्यानं बघायची. नाक कॅमेऱ्यावर चेपायचं. मी चिडवायचो तिला."

"कुणाला कळणार आहे, हणमंतराव?"

"मला कळतंय की."

"मग काम करतानाचा खरा फोटो द्या. संध्याकाळपर्यंत जागा ठेवतो."

त्यांनी तिच्या कॅमेऱ्यातले फोटो उघडले. पंचनाम्यांच्या मधेमधे हणमंतराव स्वतःच होते: स्कूटरवर तिची वाट बघताना, मांडीवर डबा घेऊन पेंगताना, तोंडात भाकरी असताना. "अगं, माझे कशाला?" असं ते दरवेळी म्हणायचे. कॅमेरा तिच्याकडून मागून घ्यावा, हे कधी सुचलं नाही.

यंत्राचा फोटो नको, असं त्यांनी संध्याकाळी संपादकांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट कोरी आली. काम करणाऱ्या शालनचा फोटो काढायचा राहून गेला.